अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन

सहस्रचंद्रदर्शनाची तारीख काढली तेव्हा कावेरीला काही झालेलं नव्हतं. निदान सगळ्यांनी तसं धरलं होतं. पित्त होतं, पण ते तिला कॉलेजपासूनच होतं. वजन उतरलं होतं, ते वडिलांच्या, अण्णांच्या मागे धावून धावून उतरलं असणार. शेवटी कार्याच्या पंधरवडाभर आधी प्रेमाच नणंदेला बळेबळे डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि तिथे कळायचं ते कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. लिव्हरपर्यंत पोचलेला.

डॉक्टरीणबाई वयाने प्रेमाच्या लेकीएवढ्या, इराएवढ्याच दिसत होत्या. त्यांनी फार सांभाळून सांगितलं, की केमो घेतली तर कदाचित वर्षभर, नाही घेतली तर काही महिने. कावेरीने पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "नाही घेतली तर."

"म्हणजे?"

"म्हणजे नको."

बाहेर गाडीची वाट बघताना प्रेमाने तिला सतरा प्रकारे समजावून पाहिलं. कावेरी रस्त्याकडे बघत ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, अण्णांचं कार्य होऊन जाऊ दे. तोवर कुणाला बोलू नकोस. दादालासुद्धा नको."

प्रेमा हो म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याला, गिरीराजला सांगून टाकलं. एवढं एकटीच्या पोटात ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. पण तिला जे खरं जड झालं होतं ते तिने गिरीराजलाही सांगितलं नाही. महादेवपुऱ्याला आपल्या घरी परतताना, सिग्नलला गाडी अडकून पडलेली असताना, तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते कावेरीबद्दल नव्हतंच. ते होतं त्यांच्या फ्लॅटमधल्या तिसऱ्या खोलीबद्दल. तिथला पलंग उंच होता, बाथरूममध्ये धरायला दांडा नव्हता, आणि आता अण्णा तिथे येणार होते. त्यांचं पथ्य, तेल लावून झाल्यावर लागणारं कोमट पाणी, पावलागणिक "कावेरी, कावेरी" अशी हाक. त्या हाकेत आता नाव तेवढं बदलणार होतं. प्रेमाला स्वतःची शिसारी आली, तरी विचार काही थांबला नाही. ती मनातल्या मनात पलंगाची जागासुद्धा बदलून मोकळी झाली.

गिरीराजने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "सुरुवात कशी झाली म्हणे? पोटात नेमकं कुठे दुखायचं तिच्या?" आणि दोन बोटांनी त्याने स्वतःच्या बरगडीखाली दाबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो उपाशीपोटी जाऊन सगळ्या तपासण्या करून आला. तो बहिणीसाठी रडला, अगदी हुंदके देऊन रडला, पण ते रिपोर्ट चांगले आल्यानंतर. प्रेमाने हा क्रम बघून ठेवला. एकोणसाठाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या पोटाची भीती वाटते, हे तिला कळत होतं. तिलाही वाटत होतीच.

कार्याच्या दिवशी सकाळी ती लवकर जीवन बीमा नगरच्या घरी पोचली. हे घर अण्णांनी विमान कारखान्यात नोकरीला असताना बांधलेलं. आई गेल्यापासून तिथे अण्णा आणि कावेरी दोघंच राहत. कावेरीने लग्न केलं नव्हतं, आणि आईच्या आजारपणात संशोधन संस्थेतली नोकरी सोडली ती सोडलीच.

अण्णा हॉलमध्ये आरशासमोर उभे होते. एक्याऐंशी वर्षांचे, पण पाठ ताठ, दात स्वतःचे. रेशमी उपरणं दोन्ही खांद्यांवर सारखं आलंय का, ते बघत होते.

"प्रेमा, ये ये. कावेरीला जरा सांग, माझं ब्लडप्रेशर अजून बघितलेलं नाही. आज होमाच्या धुरात बसायचंय."

"बघते अण्णा."

अण्णांच्या घरात मरण हा शब्द चालत नसे. कुणी गेलं तर 'त्यांचं ते झालं' एवढंच म्हणायचं, तेही जेवायच्या वेळी नाही. समोरच्या घरातले नरसिंहराव चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला जात. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलेलं इथल्या खिडकीतून दिसत होतं. अण्णांनी पडदा ओढून घेतला आणि कावेरीला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला. त्या दिवसापासून ते खोलीतला दिवा चालू ठेवून झोपू लागले. शेजारच्या खोलीत कावेरी दार उघडं टाकून झोपे. ते खोकले तरी ती उठून बसे.

कावेरी स्वयंपाकघरात कणकेच्या दिव्यांत वाती घालत बसली होती. अंगावर हळदी रंगाची साडी. चिकपेटमध्ये ती तिनेच निवडली होती. दुकानदार मोरपंखी पुढे करत होता, चिंतामणी पुढे करत होता. कावेरी म्हणाली, "पिवळीच द्या. म्हणजे डोळ्यांचा रंग कुणाच्या ध्यानात येणार नाही." दुकानदार कानडी, त्याला मराठी कळत नव्हतं. तो हसून "सरी अक्का, सरी" म्हणाला होता.

"तू सांगितलंस ना दादाला?" वर न बघता कावेरीने विचारलं.

प्रेमाने एक वात उचलून दिव्यात घातली.

"काल फोनवर त्याचा आवाज असा होता, की जणू मी आधीच भिंतीवर जाऊन बसलेय. हार घालून."

"कावेरी, मला नाही गं जमलं. हवा तर राग धर."

"नाही आला राग. मला वाटलंच होतं तू सांगशील म्हणून."

तेवढ्यात गिरीराज आत आला, मागोमाग इरा. इरा चोवीस वर्षांची. महादेवपुऱ्यातल्याच एका कंपनीत होती. तिने सरळ जाऊन आत्याच्या गळ्यात हात टाकले. म्हणजे तिलाही कळलं होतं.

"आत्या, मी तुझ्या बाजूने आहे. तुला सांगू, आय रिस्पेक्ट यू सो मच. हा तुझा चॉइस आहे. बॉडी तुझी आहे. असं डिग्निटीने डिसाइड करायला गट्स लागतात."

"इरा, तू गप्प बस," गिरीराज दबक्या आवाजात ओरडला. "तुला काय कळतंय मरणातलं? कावेरी, मी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मुंबईलाही रिपोर्ट पाठवलेत. असं हातपाय गाळून कसं चालेल? लोक काय म्हणतील, भाऊ याच शहरात होता आणि..."

"बाबा, हे लोकांबद्दल आहे का?"

"ती माझी बहीण आहे!"

"म्हणूनच तिचं ऐका ना!"

दोघं कावेरीच्या डोक्यावरून भांडत राहिली. कावेरीने हातातली वात दिव्यात ठेवली, तुपाचं बोट फडक्याला पुसलं.

"इरा, माझं कौतुक नको करूस, बाळा," ती म्हणाली. "तुला वाटतंय मी फार मोठं काहीतरी ठरवलंय. मला मरायचं नाहीये. मला अजून दहा वर्षं हवी होती."

इराचा चेहरा उतरला.

"कुठली माहितेय? अण्णा गेल्यानंतरची."

"कावेरी!" गिरीराजने दाराकडे बघितलं.

"काय कावेरी? एवढी वर्षं मी मनात तोच हिशेब करतेय. अण्णा नव्वदपर्यंत जगले, तर मी पासष्टची. पासष्ट काही वाईट नाही. गुडघे चालत असतात."

"काय करणार होतीस तेव्हा?" प्रेमाने विचारलं. का विचारलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"काही नाही. सकाळी कुणाच्या हाकेने उठायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. पुढचं तेव्हा बघणार होते."

इरा ओट्याला टेकून नखं बघत राहिली. सकाळपासून तयार करून आणलेलं तिचं सगळं बोलणं आता तिच्या काही कामाचं उरलं नव्हतं. बाहेरून मंजुनाथ भटजींनी हाक मारली, "अक्का, दीप तयार का? स्वल्प लवकर हं, मुहूर्त आहे."

होम झाला. चांदीच्या चंद्राची पूजा झाली. पाहुणे तसे थोडेच होते. अण्णांच्या कारखान्यातल्या मित्रांपैकी दोघं आले, त्यातल्या एकाला मुलाने धरून आणलं होतं. पूर्वी या घरच्या कार्याला अंगणात मांडव घालावा लागे, आज हॉलमधल्या खुर्च्यासुद्धा भरल्या नाहीत. अण्णांनी एकदा सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि भटजींकडे बघून म्हणाले, "चालू द्या."

औक्षणाला आधी लेकीने उभं राहायचं. मोठ्या परातीत दिवे दाटीने पेटले होते. कावेरीने परात उचलली. भटजी शंभर वर्षांच्या आयुष्याचा आशीर्वाद खड्या आवाजात म्हणू लागले आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश होता. प्रेमाला वाटलं, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखे दिसतायत हे. आणि त्यांच्यासमोर परातीच्या पलीकडे कावेरीचा चेहरा होता. त्या प्रकाशात साडीचा काही उपयोग नव्हता. डोळे पिवळे दिसत होते, आणि वरच्या ओठावर घाम साचला होता.

दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत परात कलली. प्रेमाने खालून हात दिला म्हणून बाकीचे दिवे राहिले, तरी एक घरंगळून जमिनीवर पडला आणि विझला. प्रेमाचा तळहात पोळला.

"परवागिल्ला, अक्का, परवागिल्ला," भटजी घाईने म्हणाले. "काही नाही होत."

अण्णांनी डोळे उघडले होते. ते खाली पडलेल्या दिव्याकडे बघत होते. कावेरी खुर्चीचा हात धरून उभी राहायची धडपड करत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

जेवणं झाली, पाहुणे गेले. दुपारी हॉलमध्ये घरचीच माणसं उरली. अण्णांनी मिळालेली शाल अजून अंगावरून काढली नव्हती.

"ज्या दिवशी बापाला ओवाळायचंय, त्या दिवशी उपाशी राहायचं कशाला म्हणतो मी?" ते म्हणाले. "सगळ्यांदेखत दिवा पाडलास. आजच्या दिवशी."

"अण्णा, तिला बरं नाहीये," गिरीराज म्हणाला.

"पित्त आहे तिला. लहानपणापासून आहे."

"पित्त नाही अण्णा," कावेरी म्हणाली. "कॅन्सर आहे. पोटात. लिव्हरला पसरलाय. मी औषध घेणार नाहीये, कारण त्याने मी बरी होणार नाही. काही महिने आहेत, असं डॉक्टर म्हणाल्या."

तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आता हे कोसळणार, असं प्रेमाला वाटलं. ती पुढे सरकलीसुद्धा.

"पण मी आहे अजून," अण्णा म्हणाले.

"हो."

"मी एक्याऐंशीचा आहे."

"हो, अण्णा."

"मग तू कशी?"

हे विचारताना त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. कारखान्यात कुणा ज्युनियरला त्यांच्या डोक्यावर बढती दिली असती, तर त्यांनी असंच विचारलं असतं. त्यांनी गिरीराजकडे पाहिलं, प्रेमाकडे पाहिलं, आणि मग शाल पोटाशी घट्ट धरत म्हणाले, "आणि माझं कोण बघणार?"

इराच्या तोंडून "आजोबा!" असा आवाज निघाला. गिरीराजने मान खाली घातली. प्रेमाही दचकली, पण सासऱ्यांच्या बोलण्याचा राग येऊन नव्हे. गाडीत, सिग्नलला, तिने हाच प्रश्न विचारला होता. म्हाताऱ्याने तो तोंडाने विचारला, एवढाच काय तो फरक.

"अण्णा, तुम्ही आमच्याकडे यायचं," गिरीराज घाईने म्हणाला. तो प्रेमाकडे बघत नव्हता. "तिसरी खोली आहे. काही काळजी करू नका."

"मी हे घर सोडणार नाही. आणि औषध कसं घेणार नाही? मी बाप म्हणून सांगतोय. गिरी, उद्या गाडी काढ. तिला घेऊन जायचं. जे असतील ते उपचार करायचे. सगळे."

"आईचे केलेत तसे?" कावेरीने विचारलं.

आईच्या त्या तीन आठवड्यांचा विषय या घरात कुणी काढत नसे. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, आता व्हेंटिलेटर काढू या. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले होते, अजून एक दिवस बघा.

"मी तिला जगवत होतो," अण्णा म्हणाले.

"ती नळी ओढायची म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. मी पट्ट्या सोडायची आणि नर्स येऊन पुन्हा बांधायची. तुम्ही काचेतून बघून घरी यायचात. मी तिथे बसायची."

"ती बरी झाली असती."

"नसती झाली, अण्णा. तुम्हालाही माहीत होतं."

"मग काय करायचं होतं मी?" अण्णांचा आवाज एकदम चढला आणि तुटला. "ती मला टाकून निघाली होती. तू पण निघालीस. तो नरसिंहराव गेला, सांगून नाही, काही नाही. रात्री मला जाग येते, तुम्हाला काय ठाऊक? छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. तेव्हा मी हाक मारली तर? कोण येणार?"

प्रेमाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. एवढं जगून झालेल्या माणसाची भीती थोडी तरी विटत असेल असं तिला वाटायचं. ती आज कोरी करकरीत दिसली.

कावेरीलाही ती दिसली असावी. तिचा आवाज खाली आला.

"तुमचं कोण बघणार, हा प्रश्न बरोबर आहे. दादा त्याच विचारात आहे, वहिनीही आहे. मीही पंधरा दिवस तेच घोळवतेय." ती थांबली. "पण माझं कोण बघणार, ते अजून कुणी विचारलेलं नाही. शेवटी शेवटी मला उठता येणार नाही म्हणे. दुखेलही फार."

गिरीराज म्हणाला, "आपण चांगली नर्स ठेवू."

इरा म्हणाली, "आत्या, मी येईन ना. दर वीकेंडला."

"वीकेंडला," कावेरी मान डोलावून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे इराला ते जास्तच लागलं. ती उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"मी येते," प्रेमा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी इथे राहायला येते. उद्यापासून. कावेरीसाठी."

"प्रेमा, आपण यावर नंतर बोलू," गिरीराज म्हणाला.

"नंतर कधी? तेराव्याला?"

"तू रागात आहेस."

"हो, आहे. तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे. माझे कपडे संध्याकाळी आणून द्या. निळी बॅग कपाटावर आहे."

कावेरी तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती. "वहिनी, उपकार नकोत हं मला. तुझ्या डोळ्यांत पाणीबिणी असेल तर येऊ नकोस."

"उपकार कसले? तू गेल्यावर हे माझ्याच गळ्यात पडणार आहेत." प्रेमाने अण्णांकडे बघितलंही नाही. "यांचं करायचं कसं, ते तू असेपर्यंत शिकून घेते."

हे तोंडातून गेल्यावर प्रेमालाच धक्का बसला. तीस वर्षांत सासऱ्यांसमोर तिने आवाजही चढवला नव्हता. पण कावेरी हसली. पोट धरून, ओठ दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसताना तिला दुखत होतं, तरी ती थांबेना. गिरीराज दोघींकडे वेड्यांकडे बघावं तसा बघत होता.

अण्णा उठले. शाल जमिनीवरून ओढत आपल्या खोलीकडे गेले. दाराशी क्षणभर थांबले. दार लोटून घेतलं.

ऊन उतरू लागलं. गिरीराजने दोनदा किल्ली हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. इरा येऊन आत्याच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने आत्याचं पाऊल मांडीवर घेतलं. ते सुजलेलं होतं. इरा त्या सुजेवर बोट दाबून बघत होती, पडलेला खळगा भरत नव्हता, आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

चहाची वेळ झाली तशी आतून हाक आली. "कावेरी."

कावेरीने सवयीने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कावेरी, चहा."

कुणी उठलं नाही. प्रेमाही उठली नाही. तिला उठता आलं असतं, उद्यापासून तिलाच उठायचं होतं. पण आज ती बसून राहिली.

थोड्या वेळाने दार उघडलं. अण्णा बाहेर आले, कुणाकडेही न बघता हॉल ओलांडून स्वयंपाकघरात गेले. नळ सुटला, बंद झाला. लायटर तीन-चारदा वाजला तेव्हा कुठे गॅस पेटला. मग डब्यांची झाकणं. एक निघालं, लागलं. दुसरं निघालं. डबा ओट्यावर जोरात आपटला, बहुतेक रवा निघाला असावा. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक झाकण.

चौघंही ऐकत बसली होती.

"वरच्या फळीवर, डावीकडे," कावेरी म्हणाली. पण इतकं हळू, की आत ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं.